डावीकडचा पाच

"अख्ख्या नाशिक जिल्ह्यात ह्या संख्येला माझ्याइतकं कुणी ओळखत नाही," असं मी प्रतिभाला म्हणालो आणि बाकाच्या पाठीवर बोटाने टकटक केली. "चोवीस आकडे. कागदावर मी स्वतः लिहून दिले, तीनदा तपासून. इकडचा आकडा तिकडे नाही. देवळाली कॅम्पच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवतोय, फळ्यावर माझी चूक काढणारा अजून जन्माला यायचाय." प्रतिभा म्हणजे माझी बायको. तिला संख्यांचं काही नाही, पण मोजायची सवय आहे. पोळ्या मोजते, दोरीवरचे चिमटे मोजते, पाहुणे घरी गेल्यावर चमचे मोजते. तिने कपाळावरचा चष्मा खाली घेतला, वाकली आणि संगमरवरी पाटीवर एकेक आकड्याला बोट लावत गेली. मग सरळ झाली आणि म्हणाली, "पंचवीस आहेत."

मी हसलो. मग मोजले. मग हसायचं राहिलं आणि परत मोजले. वरच्या ओळीत 'कै. गोरक्ष पिंगळे यांच्या स्मरणार्थ' असं व्यवस्थित होतं, आणि खाली, काळ्या रंगात कोरलेलं, ५३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७. माझी संख्या तीनपासून सुरू होते. इथे तिच्या पुढे, डावीकडे, एक पाच बसला होता. न बोलावलेला पाहुणा ओट्यावर पाय सोडून बसावा तसा. हा बाक सिडकोतल्या आमच्या बागेत वर्षभर उभा होता आणि वर्षभर मी त्याच्यावर येऊन बसत होतो, पाठ टेकून, त्या पाचाला खांद्याने घासत. प्रतिभा म्हणाली, "एक जास्तच आहे ना? कमी तर नाही. चला, भाजी घ्यायचीय."

आपल्याकडे माणूस गेला की बाक येतो. आमच्या बागेत असे चौदा बाक आहेत, सगळे सिमेंटचे, सगळे कुणाच्या तरी स्मरणार्थ, आणि संध्याकाळी जिवंत माणसं मेलेल्यांच्या नावाला पाठ टेकून शेंगदाणे खातात. बाकी तेरा बाकांवर नावं, तारखा, 'यांच्या परिवाराकडून' वगैरे. संख्या एकट्या गोरक्षच्या बाकावर. लोकांनी तिचे नाना अर्थ लावले. कुणी म्हणालं बँकेचा खाते नंबर. कुणी म्हणालं परदेशातला फोन आहे, मुलगा तिकडे असेल. नवीन मोबाइल घेतलेल्या एका गृहस्थाने तो लावूनही बघितला आणि 'कृपया नंबर तपासून पाहा' असं ऐकून मला म्हणाले, "लागत नाही हो." मी त्यांना समजावून सांगितलं होतं, मोठ्या तोऱ्यात, की ही मूळ संख्या आहे. म्हणजे हिला एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच भाग जात नाही. त्यात हिची खास गोष्ट अशी की डावीकडचा पहिला आकडा पुसून टाका, उरतं तेही मूळच. पुढचा पुसा, तरी मूळच. असं एकेक पुसत तेवीस वेळा जा, शेवटी एकटा सात उरतो, आणि सातसुद्धा मूळच. ह्या जातीतली ही सगळ्यात मोठी. हिच्या पुढे कुठलाही आकडा लावला की संपलं, भाग जातो. ते गृहस्थ म्हणाले होते, "अस्सं," आणि शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे केली होती. त्या वेळी पाटीवर पाच होताच. मी मेलेल्या संख्येसमोर उभा राहून तिच्या तब्येतीचं कौतुक करत होतो.

भाजीची पिशवी घेऊन चालताना मला ब्याण्णव सालची बस आठवत राहिली. एका इंग्रजी मासिकात ही संख्या मला सापडली होती आणि मी ती गोरक्षला दाखवली. गोरक्ष अंबडला एका कारखान्यात टूलरूममध्ये ग्राइंडिंगवर होता. पेठ तालुक्यातल्या डोंगरातून आलेला माणूस, पण मिलिमीटरचा शंभरावा भाग नुसत्या बोटाच्या टोकाने सांगायचा. त्याच्या कपड्यांना, केसांना, पुढे पुढे तर बोलण्यालाही, त्या मशिनवर सोडतात त्या पांढरट कूलंट तेलाचा वास यायचा. बस उभ्या माणसांनी ठासलेली. त्याने मासिक माझ्या हातातून घेतलं आणि अंगठ्याने डावीकडून एकेक आकडा झाकत गेला. पाथर्डी फाट्यापर्यंत तो अंगठा सरकत होता. मग माझं आडनाव घेऊन म्हणाला, "मोगल, आमच्या घरात पण असंच रे. आधी आजा गेला, मग आजी, मग आई. डावीकडून एकेक. जे उरलं ते आणखी घट्ट." मी म्हणालो, "अरे हे गणित आहे." तो म्हणाला, "मग मी काय भजन म्हणतोय?"

त्या दिवसापासून ती संख्या माझी राहिली नाही, त्याची झाली. पण त्याचा मुद्दा वेगळाच होता. पुढे कुठलाही आकडा लावला तर भाग जातो ना? मग कशाने जातो ते सांग. अंबडच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर, जॉब कार्डाच्या, म्हणजे कामाची नोंद करायच्या कार्डाच्या, कोऱ्या बाजूला तो भागाकार मांडायचा. दोन, पाच, आठ लावले की बेरजेवरूनच कळतं, तीनने भाग जातो. हे पहिल्याच दिवशी झालं. तीन लावला तर सातने जातो. सहा लावला तर अकराने. सात लावला तर तेवीसने, ह्याला त्याने आठवडा घेतला, कारण मधे एकदा हातचा विसरला होता. नऊ लावला तर सत्तेचाळीसने, आणि त्या दिवशी त्याने टपरीवरच्या सगळ्यांना क्रीमरोल वाटले. राहिले एक आणि चार. मी त्याला शंभरदा म्हणालो, "पुस्तकात दिलंय की नाही होत ते मूळ. मग कशाला जीव काढतोस?" तो म्हणायचा, "भाग जातो एवढंच दिलंय. कुणी भागलं ते दिलंय का? एखादा माणूस मेला तर कशाने मेला विचारतोस की नाही?" मी म्हणालो, "दिवाळीच्या सुट्टीत बसू दोघं. मी शाळेतून मूळ संख्यांचा तक्ता आणतो." ही दिवाळी शहाण्णवची. मग सत्त्याण्णवची आली. मग अठ्ठ्याण्णवची. तक्ता माझ्या कपाटात होता, पेपर तपासायचे होते, पाहुणे होते, प्रतिभाच्या भावाकडे गृहप्रवेश होता. नव्व्याण्णव साली उन्हाळ्यात गोरक्ष कारखान्याच्या कॅन्टीनच्या रांगेत ताट हातात धरून खाली बसला आणि उठला नाही. पुढचा माणूस भात संपल्याचं त्याला सांगत होता. शोकसभेत मॅनेजर त्याला शेवटपर्यंत गोरखनाथ म्हणाले. खिशात जॉब कार्ड सापडलं, त्याच्यावर पुढे एक लावलेली संख्या आणि अर्धा भागाकार. भाजक दोनशे अकरा. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, ते मला दिलं. मी ते लॉगॅरिथमच्या पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक कपाटात ठेवलं.

पाच सापडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, चौथ्या तासाला मला ऑफ होता. स्टाफरूममध्ये पंखा फिरत होता, समोर वह्यांचा गठ्ठा. मला डुलकी लागली आणि गोरक्ष आला. आला म्हणजे काय, समोरच्या खुर्चीवर बसलाच होता. जॉब कार्ड टेबलावरून माझ्याकडे सरकवलं आणि बघत राहिला, मशिनवर लावलेल्या कामाकडे बघतो तसा, ते त्याच्या मापात यायची वाट बघत. मी जागा झालो तेव्हा माझ्या बोटांना कूलंटचा वास होता. आता हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. वर्षभर होत होतं, दुपारच्या डुलकीत, महिन्यातून चारदा, पाचदा, आणि मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण गणिताच्या मास्तरला शाळेत भूत दिसतं ही बातमी कॅम्पात एका मधल्या सुट्टीत पसरते. मी त्याला दुःख म्हणत होतो. पण तो गेला नव्व्याण्णवला. पहिली दोन वर्षं तो आला नव्हता. तो यायला लागला त्या महिन्यात बागेत बाक बसला होता. मी बोटं हुंगली, हात साबणाने दोनदा धुतले, आणि हिशेब समोर मांडल्यासारखा स्वच्छ दिसला. त्याच्या नावाखाली चुकीची संख्या आहे. तो तिथे टेकू शकत नाही. म्हणून माझ्याकडे येतो.

मी वाळूला धरणार होतो, म्हणजे ज्याने बाक केला त्याला. पण आधी वहिनींकडे गेलो, सुवर्णावहिनींकडे. त्या वाल सोलत होत्या. मी विषय काढल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि दोन वाल चुकून सालीच्या ढिगात टाकले.

"मीच लावायला सांगितला, भाऊजी," त्या म्हणाल्या. "नंबरवाल्या गुरुजींना दाखवली होती तुमची चिठ्ठी. ते गाड्यांचे नंबर काढून देतात ना, ते. त्यांनी सगळ्या आकड्यांची बेरीज केली. एकशे बारा. एक, एक, दोन, मिळून चार. चार म्हणजे राहू म्हणे. मेलेल्या माणसाच्या उशाला राहू नको. पुढे पाच लावा, पाच बुधाचा, एकशे सतरा होतील, बेरीज नऊ. नऊ शुभ."

"वहिनी, बेरीज नऊ आली की संख्येला नऊने भाग जातो."

"मग बरंच आहे की. नीट बसतं म्हणजे."

मला त्यांच्याकडे बघता बघता अख्खं नाशिक दिसायला लागलं. नऊ बेरजेच्या रिक्षा, नऊ बेरजेचे ट्रक, नऊ बेरजेच्या फ्लॅटसाठी भांडणारी माणसं. माझी स्वतःची स्कूटर, जिचा नंबर प्रतिभाने तीन आठवडे थांबून घेतला होता, बेरीज नऊ. सगळ्या शहराला नऊने भाग जातो. ज्या संख्येला कशानेच भाग जात नाही तिची बेरीज नऊ कधी येऊच शकत नाही, म्हणजे मूळ संख्या जन्मतःच अशुभ. बावीस वर्षं मी पोरांना अशुभ गोष्टी शिकवत होतो आणि पालकांनी तक्रार कशी केली नाही, कळत नव्हतं.

"आणि खरं सांगू?" वहिनी आवाज कमी करून म्हणाल्या. घरात कुणी नव्हतं. "ते यायचे हो. गेल्यापासून रोज पहाटे. पलंगाच्या कडेला बसायचे आणि कागद पुढे करायचे. तेलाचा वास यायचा. मला कुठं येतोय एवढा मोठा भागाकार? मी म्हणायची, अहो, भाऊजींकडे जा. पाच लावला आणि बंद झाले. आता शांत झोप लागते."

मी वाल सोलायला लागलो. हातांना काहीतरी काम हवं होतं. म्हणजे तो तिथून निघाला तो सरळ माझ्याकडे आला होता. बायकोने पत्ता दिला होता. बाई दोन वर्षं त्या वासात जागी झाली होती आणि एका पाचावर तिची सुटका झाली होती. आता मी पाच काढला तर ती परत पहाटे उठून बसणार. नाही काढला तर गोरक्षच्या नावाखाली, ज्याने जिवंत असेपर्यंत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचीही चूक खपवून घेतली नाही, त्याच्याच नावाखाली, नऊने भाग जाणारी एक फालतू संख्या जन्मभर राहणार, आणि चौथ्या तासाला तो समोर बसणार. मी चहा घेतला. वहिनींना म्हणालो, "झोप लागते ना, मग झालं."

पंधरा दिवस मी गप्प राहिलो. त्या पंधरा दिवसांत तो सात वेळा आला. मी ऑफच्या तासाला जागं राहायचं ठरवलं, व्हरांड्यात उभा राहिलो, तर उभ्या उभ्या खांबाला टेकून डोळा लागला आणि तो खांबाच्या दुसऱ्या बाजूला टेकून उभा. जेवताना पोळीचा पहिला घास तोडला की वाटायचं, उरलेली पोळी अजून पोळीच आहे का? रस्त्याने जाताना मी सगळ्या आकड्यांच्या डावीकडून एकेक झाकत होतो. बसचे नंबर, घरांचे नंबर, वर्गातल्या पोरांचे रोल नंबर. फळ्यावर चोवीस लिहायचे तिथे पाचशे चोवीस लिहिलं. पहिल्या बाकावरची राखी नावाची मुलगी उठून म्हणाली, "सर, पाच जास्त आहे." बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी पाच पुसला आणि खडू खाली ठेवला.

रविवारी सकाळी मी वाळूच्या शेडवर गेलो. अंबडच्या मागे त्याचं सिमेंटचं काम, बाक, कठडे, तुळशीवृंदावनं. माणूस धिप्पाड, मिशी सिमेंटने कायम पिकलेली.

"आकडा काढायचा?" तो म्हणाला. "सर, लोकं वाढवाया येत्यात. नाव वाढवा, पदवी वाढवा. एकाने बापाला मेल्यावर बीए केलं. काढाया आलेले तुमीच पयले."

"नुसता पहिला पाच बुजवायचा. पांढऱ्या सिमेंटने. बाकीचं काही हलवायचं नाही."

"त्यात काय एवढं. कळायचं बी नाय. पण बाईंनी सांगून लावला व्हता तो."

"बाईंना मी बघतो," मी म्हणालो. हे मी खोटं बोललो.

सकाळी नऊ वाजता बागेत माळ्याशिवाय कुणी नव्हतं. वाळूने पाचाची खोबण आधी थोडी खरवडायला घेतली, सिमेंट धरायला. छिन्नी लावली, हातोडीची एक टिचकी मारली. एकच. पाटी वरपासून खालपर्यंत सरळ तडकली आणि डावीकडचा तुकडा बाकावरून घरंगळून खाली पडला, त्याचे आणखी चार तुकडे झाले. वाळू म्हणाला, "आयला." माळी नळी बंद करून बघायला आला.

वरच्या ओळीतलं 'कै.' गेलं होतं. खालच्या ओळीतले पाच आणि त्याच्या मागचे सहा आकडे गेले होते. बाकाच्या पाठीला चिकटून राहिलं होतं ते एवढंच, 'गोरक्ष पिंगळे यांच्या स्मरणार्थ', आणि त्याखाली ३१२६४६२१६५६७६२९१३७. मी ते वाचलं. परत वाचलं. डावीकडून सहा आकडे गेले तरी काय झालं? अठरा उरले होते आणि अठराच्या अठरा खरे होते. हातोडीने बरोबर तिथे मारलं होतं जिथे चाललं असतं, कारण कुठेही मारलं असतं तरी चाललं असतं. मला इतकं हलकं वाटलं की मी वाळूच्या खांद्यावर हात टाकला. तो घाबरून म्हणाला, "सर, नवीन पाटी करून देतो. माझ्याकडून. तुमी बसा जरा." मी म्हणालो, "काही करू नको. हे बरोबर आहे." वाळूने माळ्याकडे बघितलं. माळ्याने मला पाणी आणून दिलं.

तिथून मी पायी वहिनींकडे गेलो. आता खोटं बोलायची ताकद नव्हती. दारातच सगळं सांगितलं, छिन्नी, तडा, तुकडे, माझं गप्प राहणं, माझ्या डुलक्यासुद्धा. तीन दिवाळ्या कपाटात पडून राहिलेल्या तक्त्याचंही सांगितलं, ते सांगायची खरं तर काही गरज नव्हती. वहिनी उंबऱ्याला हात लावून ऐकत होत्या.

"पाच गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"पूर्ण?"

"पूर्ण. वहिनी, माझं चुकलं. तुमची झोप..."

"झोपेला काय करायचंय, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि पदराने तोंड पुसलं. "झोप लागते हो. मेल्यासारखी लागते. पण पहाटे उठून बघते तर पलंगाची कड सपाट. आधी चादरीवर बसल्याची खूण तरी असायची. मी घाबरून पाच लावला आणि माणूस घालवून बसले. सांगणार कुणाला? गुरुजी म्हणाले, शांती झाली." मग त्या एकदम कामाला लागल्यासारख्या आत गेल्या, पलंगावरची चादर झटकून नीट घातली, उशाशी टेबलावर एक पेन्सिल आणि कोरी वही ठेवली. तिसरीतल्या मुलाच्या वहीसारखी, चौकटींची. "येतील ना आता?"

मी गणिताचा माणूस. पुरावा असल्याशिवाय बोलत नाही. "येतील," मी म्हणालो.

त्या आठवड्यात मी रोज ऑफच्या तासाला मुद्दाम डुलकी काढली. समोरची खुर्ची रिकामी. बोटांना फक्त खडूचा वास. मी लॉगॅरिथमचं पुस्तक काढलं, जॉब कार्ड काढलं, तक्ता शेजारी ठेवला आणि दोनशे अकराचा तो भागाकार पुरा केला. नाही गेला भाग. मग पुढची मूळ संख्या घेतली, दोनशे तेवीस. शनिवारी वहिनींकडे गेलो. त्यांनी मान हलवली. वही कोरी होती. पेन्सिलीला मात्र टोक काढून काढून ती अर्ध्यावर आली होती. आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो, दोन वर्षं आणि एक वर्ष ज्याला हाकलत होतो त्याची वाट बघत. आता तो बागेतल्या अठरा आकड्यांना पाठ टेकून बसला असेल, असं मी म्हणालो. "बसू दे," त्या म्हणाल्या, पण चादरीची घडी परत नीट केली.

पुढच्या बुधवारी मधल्या सुट्टीत शिपाई सांगायला आला की गेटवर कुणी सिमेंटवाला उभा आहे. वाळू होता. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"सर, तो तुमचा दोस्त उंच व्हता का? आन् त्याला तेलाचा वास यायचा?"

मी हो म्हणालो.

"दहा दिवस झाले. दुपारी जरा आडवा पडलो की येतो. कागद देतो. म्हणतो, एक लावून बघ, नाय तर चार लावून बघ. मी चौथी नापास माणूस. मला पाढे बी बाराच्या वर येत नाय. तो जातच नाय वो, बसून ऱ्हातो."

मी त्याला तक्ता दिला. दोनशे तेवीसचा पाढा एका कागदावर लिहून दिला.

त्याच सुमारास वाळूने एका नगरसेवकाच्या दिवंगत वडिलांच्या नावाने बारा बाक केले होते. बाराही बाकांच्या पाठीवर, नावाच्या खाली, ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने ओढलेला अर्धा भागाकार निघाला. सिमेंट वाळलं होतं. उद्घाटन गुरुवारी झालं.